वेलिंग्टन टी.१०: बॉम्बरच्या वेषातलं ट्रेनर (माहिती आणि मदत, दोन्ही हवं)

नभोवाट

मंडळी,

स्पिटफायर, लँकेस्टर, मॉस्किटो यांच्यावर इथे धागे भरपूर आहेत. बॉम्बरच्या ट्रेनर रूपांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. त्यात नवल नाही म्हणा. बॉम्ब नाहीत, शत्रू नाही, शौर्यपदकं नाहीत, फोटो काढायलाही कुणी जात नसे. पण विकर्स वेलिंग्टनच्या बाबतीत एक गंमत आहे, म्हणून हा धागा.

आधी ओळख. वेलिंग्टन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर. त्याचं पहिलं उड्डाण १५ जून १९३६ ला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सहून झालं. अभियंता बार्न्स वॉलिसची जिओडेटिक रचना, म्हणजे ड्युरॅलुमिनच्या पट्ट्यांची तिरकी जाळी आणि त्यावर ताणून बसवलेलं, डोप (कापड ताठ करणारं रोगण) लावलेलं कापड. एकूण ११,४६१ विमानं बनली. युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत उत्पादनात राहिलेलं ब्रिटिशांचं हे एकच बॉम्बर. त्यातलं सर्वाधिक बनलेलं रूप मार्क दहा (मार्क म्हणजे आवृत्ती): ३,८०३ नग, इंजिनं ब्रिस्टल हर्क्युलिस.

युद्ध संपलं आणि या मार्क दहांपैकी बरीच तशीच उरली. त्यातली २७० बोल्टन पॉल कंपनीने वुल्व्हरहॅम्प्टनला घेतली, पुढचं टरेट (तोफांचा फिरता कोष) काढलं, नाक गोलसर बंद केलं, आतली मांडणी बदलली आणि ती नॅव्हिगेटर शिकवायला पाठवली. तेच टी.१०, 'टी' म्हणजे ट्रेनर. ही विमानं १९५३ पर्यंत उडत होती. म्हणजे जेट फायटर आल्यावरही कापडी अंगाचं हे विमान रोज सकाळी पोरांना घेऊन उडत होतं.

आता गंमत. साडेअकरा हजारांतली आज जगात दोनच म्हणण्यासारखी उरली आहेत. एक एन२९८०, स्कॉटलंडच्या लॉख नेसच्या तळातून १९८५ मध्ये वर काढलेलं, आता ब्रुकलँड्स संग्रहालयात. दुसरं एमएफ६२८, आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमचं. पूर्ण, धडधाकट असं हे एकच, आणि ते टी.१० आहे! संग्रहालयात मात्र वर्षानुवर्षं पुढे टरेट लावून, बॉम्बर म्हणून उभं होतं.

मला १/७२ प्रमाणात टी.१० चं मॉडेल करायचं आहे. खोके आणून ठेवलेत, पण नाक कसं होतं, रंग काय, कुठली विमानं कुठल्या शाळेत होती, याचे धागे जुळवताना दमछाक होतेय. पुस्तकांत टी.१० ला मिळते एक ओळ, फार तर दोन. जाणकारांनी भर घालावी.

सांजवारा

छान धागा. भाबडा प्रश्न: युद्ध संपल्यावर बॉम्बर ट्रेनर कशाला? आणि युद्धात ट्रेनिंग कशावर द्यायचे मग?

नभोवाट

सांजवारा, प्रश्न अजिबात भाबडा नाही, सगळ्याची किल्ली त्यातच आहे.

युद्धात बॉम्बरच्या क्रूला शिकवायला वेगळं रूप नव्हतंच. ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट, म्हणजे ओटीयू, यांच्याकडे साधी बॉम्बर वेलिंग्टनच असत, त्यातही बरीचशी आघाडीवरून थकून आलेली. वैमानिक, नॅव्हिगेटर, वायरलेसवाला, तोफची हे सगळे तिथे प्रथम एकत्र यायचे आणि क्रू बनायचा. शिकणं आणि लढणं यातली रेष इतकी पुसट होती की ३०-३१ मे १९४२ च्या रात्री कोलोनवर हजार विमानांचा हल्ला ठरला तेव्हा संख्या भरायला ओटीयूची विमानं आणि शिकाऊ क्रूसुद्धा पाठवले. १,०४७ विमानांत ६०२ वेलिंग्टन होती.

युद्धानंतर चित्र बदललं. वैमानिकासाठी लहान ट्रेनर होते, पण नॅव्हिगेटरला शिकायला टेबल, नकाशे, रेडिओ, खगोलवेधासाठी वरचा पारदर्शक घुमट आणि शेजारी बसायला गुरुजी असं सगळं लागतं. वेलिंग्टनमध्ये जागा होती, पल्ला होता आणि मुख्य म्हणजे ती फुकटात पडून होती. व्हॅलेटाचं ट्रेनर रूप आणि व्हार्सिटी ही नवी ट्रेनर विमानं हाताशी येईपर्यंत तीच वेळ मारून नेत राहिली.

कागदकिडा

नभोवाट, तुम्ही चुकीच्या टोकाने शोधताय असं वाटतं. रूपाच्या नावाने शोधू नका, विमानाच्या नंबराने शोधा.

कारण असं. स्पिटफायर मार्क नऊ कारखान्यातून मार्क नऊ म्हणूनच बाहेर पडलं, त्यामुळे त्याची उत्पादन यादी आहे. टी.१० कुठल्याच कारखान्यातून टी.१० म्हणून बाहेर पडलेलं नाही. एमएफ६२८ हे १९४४ मध्ये ब्लॅकपूलच्या कारखान्यातून बॉम्बर मार्क दहा म्हणून निघालं तेव्हा एमएफ६२८ होतं आणि बोल्टन पॉलकडून ट्रेनर होऊन आलं तेव्हाही एमएफ६२८च. नंबर बदलत नाही, अंगावर कुठे जन्मखूण नाही. म्हणून पुस्तकात एक ओळ मिळते: लेखकाला यादी मिळत नाही, तो आकडा देतो आणि पुढे जातो.

मग करायचं काय? तीन कागद आहेत.

पहिला फॉर्म ७८, विमानाच्या हालचालींचं कार्ड. एका विमानाला एक कार्ड, त्यावर कुठल्या तारखेला कुठल्या युनिटकडे गेलं, कारखान्यात कधी, शेवटी ताफ्यातून कधी वगळलं, सगळं संक्षेपांत. मार्क दहाच्या कार्डावर युद्धानंतरच्या तारखेला बोल्टन पॉलची नोंद आणि लगेच पुढे एखादी एअर नॅव्हिगेशन स्कूल दिसली, तर समजा टी.१० सापडलं. ही कार्डं आरएएफ म्युझियमकडे आहेत, आणि त्यांवरून तयार केलेल्या सिरियलच्या याद्या एअर-ब्रिटन या हौशी अभ्यासकांच्या संस्थेने छापल्यात. सुरुवात याद्यांपासून करा, शंका आली की कार्डाकडे जा.

दुसरा फॉर्म ५४०, युनिटची रोजनिशी. लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इथे एक खाच आहे, नवखे हमखास अडकतात. स्क्वाड्रनच्या रोजनिशा 'एअर २७' या मालिकेत, विमानतळांच्या 'एअर २८' मध्ये, आणि ओटीयू, शाळा, डेपो वगैरे सगळी इतर मंडळी 'एअर २९' मध्ये. ट्रेनरवाल्याने २७ मध्ये कितीही उकरलं तरी हाती काही लागणार नाही. २९ मध्येही रोजच्या प्रत्येक उड्डाणाचा नंबर मिळेल अशी आशा नको. अपघात, पाहुणे, हवामान, कोर्स सुरू, कोर्स संपला, असा मजकूर असतो.

म्हणून तिसरा कागद, लॉगबुक. शिकाऊ नॅव्हिगेटरने स्वतःच्या हाताने तारीख, विमान, नंबर, मार्ग, तास लिहिलेले असतात. एका लॉगबुकातून एका शाळेची दहा-बारा विमानं सहज निघतात. लिलावांच्या संकेतस्थळांवर लॉगबुकच्या पानांचे फोटो असतात, ते फुकट पाहता येतात. लोक फक्त पदकं बघतात, आपण नंबर बघायचे.

खडूस

कागदकिडा यांचा प्रतिसाद उत्तम. पण मूळ धाग्यालाच माझा आक्षेप आहे. नाकातलं टरेट काढून भोक बुजवलं म्हणजे नवीन रूप झालं? मग आमच्या एसटीने मागची दोन बाकं काढून पार्सलला जागा केली तर ती नवीन मॉडेलची गाडी म्हणायची काय? टी.१० हा कारकुनाने दिलेला शिक्का आहे. नभोवाट, तू उगाच त्यात काव्य शोधतोयस.

नभोवाट

खडूस, तू येणार याची खात्री होतीच, चहा ठेवलाय.

अर्धं पटतं. टी.१० हा बदल जुजबी आहे. पण खरंखुरं, कारखान्यातूनच ट्रेनर म्हणून निघालेलं वेलिंग्टनही आहे: टी मार्क अठरा. ८० नग बनले. आणि ते आडबाजूचं म्हणावं तर टी.१० पेक्षा कितीतरी जास्त आडबाजूचं.

त्याचं कारण मोठं रोचक आहे. रात्री लढणाऱ्या मॉस्किटोत रडारवाला वैमानिकाच्या शेजारी चिकटून बसतो, जागा दोघांचीच. नवख्याला रडारचा पडदा वाचायला शिकवायचा तर गुरुजी बसणार कुठे? दुहेरी नियंत्रणांचं मॉस्किटो ट्रेनर होतं, पण ते वैमानिकासाठी. मग वेलिंग्टनच्या नाकात मॉस्किटोसारखा रडारचा घुमट बसवला आणि आत एक शिक्षक आणि चार विद्यार्थी बसवले. उडता वर्गच. समोर दुसरं एखादं विमान 'शत्रू' म्हणून उडायचं आणि मुलं आळीपाळीने पडद्यावरच्या ठिपक्यावरून वैमानिकाला डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सांगायची. याआधी जुन्या मार्क अकरांवर हेच रडार चढवून मार्क सतरा केलं होतं. म्हणजे सतरा हे रूपांतर आणि अठरा हे नव्याने बांधलेलं.

इथे एक सापळा. हे रडार अमेरिकन, एससीआर-७२०. ब्रिटिशांनी त्याला नाव दिलं 'एआय मार्क दहा'. त्यामुळे जुन्या कागदात 'वेलिंग्टन' आणि 'मार्क दहा' एकाच ओळीत दिसले की ते मार्क दहा विमान असेलच असं नाही. विमान मार्क अठरा आणि रडार मार्क दहा असू शकतं. इंटरनेटवर टी.१० म्हणून मिरवणारे काही फोटो मला याच घोळातून आल्याचा संशय आहे. घुमटाचं नाक आणि पत्र्याने बंद केलेलं नाक धूसर फोटोत सारखंच दिसतं.

खडूस

बरं, अठराला रूप म्हणायला माझी हरकत नाही. चहात साखर कमी.

निवृत्त_नॅव्हिगेटर

नभोवाट, धागा वाचून बरं वाटलं. आम्ही बेगमपेठेत डाकोटावर शिकलो, वेलिंग्टन फक्त चित्रात पाहिलं. पण काम तेच, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

तुम्ही टेबल म्हणालात, ते फार महत्त्वाचं. डेड रेकनिंग म्हणजे काय, तर वेग, दिशा, वेळ माहीत आहे, वारा किती ढकलतो याचा अंदाज आहे, त्यावरून आपण आत्ता कुठे असू हे कागदावर काढायचं. विमान हलतंय, पेन्सिल घरंगळतेय, कानात इंजिनाचा आवाज. जमिनीवर वर्गात पहिला आलेला मुलगा वर गेल्यावर साधी बेरीज चुकतो. म्हणून हे शिक्षण हवेतच द्यावं लागतं आणि तेही तासन् तास. शंभर मैलांवर वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तर कळत नाही, पाचशे मैलांवर गाव चुकतं.

दुसरं, ताऱ्यांचे वेध. घुमटाखाली उभं राहून सेक्स्टंटमधून (ताऱ्याची उंची मोजायचं यंत्र) तारा धरायचा. वैमानिकाने विमान त्या वेळात एकदम स्थिर ठेवायला हवं, नाहीतर सेक्स्टंटमधला बुडबुडा नाचतो आणि वेध वाया. त्यासाठी संथ, जड, शांत स्वभावाचं विमान चांगलं. बॉम्बरला ट्रेनर का केलं याचं उत्तर त्यात आहे. लढायला जे दोष होते तेच शिकवायला गुण ठरले.

टरेट काढल्याने विमानाचं काही बिघडलं नसेल. त्यात बसणाऱ्याचं काम संपलं होतं, एवढंच.

सांजवारा

काका, अजून लिहा ना! वेगळा धागाच काढा. हे असं कुठे वाचायला मिळत नाही.

दूरदेशी_मावशी

मी वुल्व्हरहॅम्प्टनपासून जवळच राहते, म्हणून थोडी भर. बोल्टन पॉलचा कारखाना पेंडफर्डला होता. तो विमानतळ १९७० च्या शेवटी बंद झाला, आता घरांची वसाहत आहे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब तिथेच राहतं, त्यांना आपण कुठल्या धावपट्टीवर राहतो याचा पत्ता नाही.

एमएफ६२८ ला २०१० मध्ये लंडनच्या हेंडनहून इकडे कॉसफर्डला हलवलं, दुरुस्तीसाठी. म्हणजे फिरून जन्मगावी नाही तरी बारशाच्या गावाजवळ आलं! इथलं संवर्धन केंद्र एरवी बंद असतं, पण वर्षातून काही दिवस, बहुधा नोव्हेंबरात, लोकांसाठी उघडतात. मी कापड उतरवलेलं असताना पाहिलंय. कुणाला काय वाटेल ते वाटो, माझ्या मते ते तसंच ठेवायला हवं होतं. ती जाळी पाहिल्यावर वॉलिसने काय केलं ते एका क्षणात समजतं, कापडाखाली ते दिसतच नाही.

नभोवाट, म्युझियमच्या संकेतस्थळावर प्रत्येक विमानाचा स्वतंत्र इतिहास उतरवून घेता येतो. एमएफ६२८ चा आहे. त्यात तारखा आणि युनिटं ओळीने दिलीत. तुमच्या मॉडेलसाठी हाच नंबर धरा, सगळ्यात जास्त पुरावा याचाच आहे.

नभोवाट

मावशी, मनापासून धन्यवाद! तो इतिहास वाचला. १९५४ मध्ये एका युद्धपटाच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा घेऊन उडालं आणि १९५५ च्या जानेवारीत त्याने केलेलं उड्डाण हे जगातल्या कुठल्याही वेलिंग्टनचं शेवटचं. विकर्सने ते रॉयल एरोनॉटिकल सोसायटीला दिलं आणि तिथून ते म्युझियमकडे आलं.

आता माझी तक्रार. त्याला पुढे टरेट का बसवलं? ते बॉम्बर म्हणून लढायला कधी गेलंच नाही. १९४४ मध्ये तयार झालं ते थेट साठवणीत. आयुष्यात त्याने जे काही केलं ते ट्रेनर म्हणून. मग त्याचा खरा चेहरा पुसून दुसऱ्याचा लावायचा हा कुठला न्याय?

आणि गंमत बघा, एन२९८० ची गोष्ट बरोब्बर उलटी. ते अस्सल लढाऊ विमान. १८ डिसेंबर १९३९ ला हेलिगोलँडजवळच्या लढाईत होतं, २२ पैकी १२ विमानं पडली, हे परत आलं. पण पाण्यात बुडालं ते ३१ डिसेंबर १९४० ला, २० ओटीयूच्या सरावाच्या उड्डाणात. इंजिन बंद पडलं. मागच्या तोफचीचं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि तो गेला. वैमानिकाने विमान तळ्यावर उतरवलं, तो आणि सहवैमानिक वाचले. १९७६ मध्ये सापडलं तेही नेसीला, म्हणजे त्या तळ्यातल्या कथित राक्षसाला, शोधणाऱ्या अमेरिकनांच्या सोनारवर. म्हणजे ट्रेनर म्हणून संपलेल्या विमानाच्या नावात 'टी' नाही आणि 'टी' असलेलं विमान बॉम्बर म्हणून मिरवतं.

खडूस

टरेटबद्दल असहमत. साडेअकरा हजार वेलिंग्टनांचं प्रतिनिधित्व करायला एकच पूर्ण विमान उरलं असेल तर लोकांना बॉम्बरच दिसायला हवं. ज्यांची नातलग माणसं वेलिंग्टनमध्ये गेली ते शाळेचं विमान बघायला येत नाहीत. बाजूच्या पाटीवर खरं लिहा, झालं.

दूरदेशी_मावशी

खडूस, पाटी कोण वाचतं हो? माझ्यासमोर एक गृहस्थ नातवाला सांगत होते की हे जर्मनीवर गेलेलं विमान आहे. पाटी त्यांच्या कोपराला लागून होती.

लोहगावकर

नंबराने शोधा हे कागदकिडा यांचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण भारतीयांसाठी एक धोक्याची सूचना. 'एचई' ने सुरू होणारे नंबर आरएएफच्या वेलिंग्टनांना होते. उदाहरणार्थ एचई२३९, कॅनडाच्या ४२८ स्क्वाड्रनचं मार्क दहा, मागचं टरेट उडालेलं असताना परत आलं होतं, त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. आणि आपल्या हवाई दलाच्या लिबरेटर बॉम्बरांनाही 'एचई'च! कानपूरला टाकून दिलेली विमानं बंगळुरूच्या एचएएलने दुरुस्त केली, त्यांना हे नवे नंबर मिळाले. आमच्या लोहगावला ६ स्क्वाड्रनची लिबरेटर १९६८ पर्यंत होती. त्यातलंच एचई८०७ आपण १९७४ मध्ये ब्रिटनला भेट दिलं, तेही त्याच आरएएफ म्युझियमकडे आहे. एकाच म्युझियममध्ये दोन्ही, त्यामुळे शोधयंत्र सर्रास भेळ करतं. नंबरासोबत विमानाचं नाव टाकाच.

कागदकिडा

लोहगावकर, उत्तम मुद्दा. लिबरेटरचा विषय निघालाच आहे तर अवांतर: त्याचीही दुर्मिळ ट्रेनर रूपं आहेत. एटी-२२ म्हणजे फ्लाइट इंजिनिअर शिकवायला बदललेली पाच सी-८७, जी मुळात लिबरेटरचंच मालवाहू रूप. आणि आरबी-२४एल, ज्यावर बी-२९ बॉम्बरच्या तोफचींना दूरनियंत्रित टरेट चालवायला शिकवत. इथला 'आर' टेहळणीचा नव्हे. युद्धकाळात अमेरिकन लष्करात तो 'लढाईला पाठवू नये' अशा निर्बंधाचा होता, टेहळणीसाठी तो १९४८ पासून आला. या एका अक्षरापायी कित्येक याद्यांत ही ट्रेनर विमानं फोटो काढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलीत.

यावर नंतर सवडीने धागा काढतो.

सांजवारा

काढाच. वाचनखूण साठवली आहे.

नभोवाट, मॉडेलचं काय झालं? रंग ठरला का?

नभोवाट

ठरला. एमएफ६२८च करतोय, पण टरेटशिवाय. रंग युद्धानंतरच्या ट्रेनरचा: सगळं अंग चंदेरी, धडाभोवती आणि पंखांवर पिवळे पट्टे. युद्धातला हिरवा-तपकिरी-काळा नाही. किट ट्रम्पेटरचं मार्क दहा. एअरफिक्सचं २०१८ चं नवं किट सुबक आहे, पण ते मार्क एक-ए आणि एक-सीचं, पेगॅसस इंजिनांचं, त्यामुळे उपयोगाचं नाही.

नाक हातानेच करावं लागणार. टरेटच्या जागी बाल्सा लाकडाचा ठोकळा, त्यावर पुट्टी, मग घासत बसायचं. अडचण एकच आहे: बाजूने काढलेले फोटो मिळतात, वरून काढलेला नाही, त्यामुळे नाकाची रुंदी कुठून आवळत जाते ते समजत नाही. मावशी, पुढच्या नोव्हेंबरात जाणार असाल तर टरेट जिथे धडाला जोडलंय त्या कड्याचा सरळ समोरून एक फोटो काढाल का? शेजारी पट्टी किंवा निदान नाणं धरून. बंद नाक त्याच कड्यावर बसवलेलं असणार, तेवढा व्यास मिळाला की बाकीचं बाजूच्या फोटोंवरून काढता येईल.

दूरदेशी_मावशी

काढते. पण दोरीच्या आत जाऊन नाणं धरू देणार नाहीत. तिथल्या स्वयंसेवकांना विचारते, त्यांच्याकडे टेप असतोच, आणि ते बोलायला लागले की थांबत नाहीत. अजून काय काय मोजून हवंय त्याची एकच यादी करून मला व्यनि करा.